अर्ध्या तिकिटात मैत्रीण: एसटीच्या महिला सवलतीचं परीक्षण

एसटीच्या महिला सन्मान योजनेचा विषय निघाला की लोक महामंडळाच्या तोट्यावर घसरतात, नाहीतर निवडणुकीवर. हे परीक्षण त्यातलं नाही. इथे ही सेवा एकाच कामाच्या कसोटीवर घासून पाहिली आहे. परगावच्या मैत्रिणीचा साखरपुडा मोडला, घटस्फोटाची नोटीस आली, किंवा सहा वर्षांचं प्रकरण एका मेसेजवर संपलं. तर तिच्याकडे जाऊन, तिच्याजवळ तीन-चार तास बसून, दिवेलागणीला घरी परत येता येतं का? किती पैशांत? आणि घोडं अडतं कुठे?

आधीच सांगून टाकायचं तर पैशाला दहापैकी नऊ. वेळेला पाच. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला आकडा न दिलेलाच बरा.

हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलेल्या तिघी पाच-सात वर्षांत कुठल्या कुठे जातात. एक पुण्यात नोकरीला, एक कोल्हापुरात सासरी, एक बेळगावला शाळेत शिकवते. व्हॉट्सॲपवर ग्रुप असतो, त्यावर रोज काहीतरी येत असतं. पण फोनवर रडणाऱ्या बाईला पाण्याचा तांब्या देता येत नाही. तिने दोन दिवस केस विंचरले नाहीत हेही फोनवर कळत नाही. जावंच लागतं. आणि जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "कशाला?"

सवलतीचा खरा उपयोग या प्रश्नापाशी आहे. जाऊन-येऊन चारशे रुपये लागत होते तेव्हा ते मागावे लागत, आणि मागताना कारण द्यावं लागे. मैत्रिणीने तर "कुणाला बोलू नकोस" म्हणून सांगितलेलं असतं. तिकिटाच्या पैशासाठी तिचं गुपित नवऱ्यापुढे किंवा सासूपुढे ठेवायचं, की ते राखायचं आणि न जाता बसायचं, असा पेच होता. दोनशे रुपये भाजीच्या पैशातून निघतात. हातात स्वतःचा पगार नसलेल्या बाईला या दोन रकमांमधला फरक नीट कळतो. सवलत देणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण उपयोग असा झाला आहे.

आता नियम. ९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत महिलांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत सुरू झाली. साधी लालपरी, मिडी, निमआराम, शयन-आसनी, शिवशाही, शिवनेरी, विजेवरची शिवाई, सगळ्या आल्या. फक्त लालपरीलाच लागू असं अजूनही कित्येकींना वाटतं आणि त्या शिवशाही सोडून देतात, तसं नाही. वयाची अट नाही, उत्पन्नाची नाही, फॉर्म भरायचा नाही. ५ ते १२ वयाच्या मुलींचं तिकीट आधीपासूनच अर्धं होतं, ते तसंच राहतं, त्या अर्ध्याचं आणखी अर्धं होत नाही. मैत्रिणीची आई पंच्याहत्तरी ओलांडलेली असेल तर तिला २६ ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत आहे, मात्र वयाचा पुरावा जवळ हवा.

सवलत मूळ भाड्यावर मिळते. अपघात सहाय्यता निधी आणि वातानुकूलित गाडीचा जीएसटी वेगळा लागतो, आरक्षण केलं तर त्याचा आकारही पूर्ण भरावा लागतो. त्यामुळे पुरुषाच्या तिकिटाचं बरोबर अर्धं कधीच भरत नाही, दोन-चार रुपये वर जातात. यावरून कंडक्टरशी वाद घालणारी बाई दर खेपेला एक तरी दिसते. त्यात कंडक्टरचा दोष नसतो, मशीनमधून तेवढाच आकडा येतो.

भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हापासून साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैसे, निमआरामचा १३.६५ आणि शिवशाहीचा १४.२०. हे तीन आकडे लक्षात ठेवले की कुठल्याही गावचा खर्च घरबसल्या काढता येतो. स्वारगेट ते सातारा साधारण ११० किलोमीटर, म्हणजे १९ टप्पे. साध्या गाडीचं पूर्ण भाडं १९१ च्या घरात, अर्धं ९५-९६. शिवशाहीने अर्धं १३५ आणि वर कर. कोल्हापूर ते सातारा सव्वाशे किलोमीटर धरले तर २१ टप्पे, साध्या गाडीने अर्धं १०५-१०६. म्हणजे पुण्याची आणि कोल्हापूरची, दोघी साताऱ्यात भेटल्या तर दोघींचं मिळून जाणं-येणं चारशेच्या आसपास. पुण्यात एका बऱ्या कॅफेत दोघींच्या दोन कॉफ्या आणि एक केक याहून फार स्वस्त नाही.

साताऱ्याचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण मधल्या गावात भेटण्याचे सगळे फायदे-तोटे तिथे दिसतात. पण त्याआधी एक. पहिल्या भेटीला मधलं गाव धरू नका. जिचं मोडलंय तिला पहिल्या आठवड्यात एसटीत बसवायचं नसतं. आपण तिच्या गावी जायचं. आणि तिच्या घरी फार वेळ बसायचं नाही. तिथे आई असते, काकू असते, शेजारीण साखर मागायला येते आणि दारातच अर्धा तास उभी राहते. त्यांच्यासमोर ती "मी बरी आहे" एवढंच बोलते. चहा घेऊन तिला बाहेर काढायचं, कारण काहीही चालतं, शिंप्याकडे जायचंय म्हणा. मधलं गाव दुसऱ्या भेटीला. ही दुसरी भेट महिन्या-दीड महिन्याने, जेव्हा बाकी सगळ्यांनी विचारपूस थांबवलेली असते आणि घरात नव्या स्थळाची कुजबुज सुरू झालेली असते, तेव्हा. त्या वेळी तिला गावाबाहेर चार तास मिळणं ही मोठी गोष्ट असते, आणि एकटीने गाडीत बसून येणं हाही तिच्या बरं होण्याचाच एक भाग असतो.

साताऱ्याला जाणारी गाडी पकडताना विचारायचा प्रश्न एकच: "स्टँडात जाते का, बायपासवरून?" पुणे-कोल्हापूर, पुणे-सांगली धावणाऱ्या कित्येक गाड्या साताऱ्याच्या स्टँडात शिरत नाहीत, महामार्गावर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरवतात. तिथून स्टँडला रिक्षा करावी लागते आणि वाचवलेल्या पैशांतले निम्मे तिथे जातात. एक स्टँडात आणि दुसरी बॉम्बे रेस्टॉरंटला उभी, दोघी फोनवर "मी आलेय, तू कुठेयस?" करतायत, हे दृश्य नेहमीचं. सातारा हे शेवटचं ठिकाण असलेली गाडी घेतली की हा प्रश्न उरत नाही. स्वारगेटहून सातारा विनाथांबा गाड्या दिवसभर सुटतात, आणि त्यांतल्या विनावाहक गाडीचं तिकीट स्टँडवरच खिडकीपाशी घ्यावं लागतं. रांग न बघता थेट गाडीत चढून बसलं की खाली उतरून पुन्हा रांगेत यावं लागतं आणि तोवर खिडकीची जागा गेलेली असते.

वेळ कागदावर अडीच तास. शनिवारी सकाळी पुण्याहून निघालात तर खंबाटकी घाट लागतो, आणि जोडून सुट्टी आली असेल तर घाटात ट्रक बंद पडून रांग लागणं हे जवळजवळ ठरलेलं. परतीला बोगदा आहे, घाट लागत नाही, पण रविवारी संध्याकाळी खेड-शिवापूरच्या टोलनाक्याजवळ सगळं महाबळेश्वर आणि सगळं कोकण एकदम पुण्यात शिरत असतं. कोल्हापूरच्या बाजूने महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळल्यामुळे कराडला वेळ जातो. म्हणून हिशेब असा करावा: प्रत्येक बाजूला कागदावरच्या वेळेपेक्षा तासभर जास्त. सकाळी सातच्या गाडीत बसलं तर दहा-साडेदहाला भेट, अडीच-तीनला परतीची गाडी. चार तास हातात पडतात. नऊच्या गाडीने निघालं तर दोनच तास मिळतात, आणि त्यांतला पहिला "काय खाणार" यात जातो.

चार तास पुरतात का? पुरतात, पण नेमके. पहिल्या तासात कुणी मुद्द्याचं बोलत नाही, हे धरूनच चालावं. दुसऱ्या तासात त्याच्या घरच्यांनी काय केलं, कोण काय बोललं, हॉलची बुकिंग, दागिने परत केले का, साड्यांचं काय, असा सगळा व्यवहार निघतो. हा व्यवहार निरर्थक वाटला तरी मध्ये तोडू नका. त्यातूनच ती आत शिरते. खरं बोलणं तिसऱ्या तासाच्या शेवटाला येतं. परतीची गाडी त्या आधीची धरली असेल तर भेट फुकट गेली समजा.

बसायला जागा कुठली, हेही भाड्याइतकंच महत्त्वाचं. साताऱ्यात अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावरच आहे. रिक्षा पायथ्यापर्यंत जाते, वर डांबरी रस्ता आहे, रमतगमत पाऊण तास. चालताना बोलायला सोपं जातं कारण एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात मात्र अकरा वाजता वर नेऊ नका. जी धड जेवलेली नाही तिला उन्हात चक्कर येते. तेव्हा त्यापेक्षा खाली, चार भिंती नावाच्या स्मारकाच्या बाजूला झाडाखाली बसलेलं बरं. हॉटेलात बसायचं असेल तर दुपारी साडेबाराच्या आत, नंतर टेबलापाशी माणसं उभी राहतात. कंदी पेढे घ्यायचे तर घ्या, पण घरी न सांगता गेला असाल तर घेऊ नका. त्या पेढ्यांच्या पुड्यावर सातारा लिहिलेला असतो.

दुसऱ्या मार्गांवरही मधल्या गावाची निवड नकाशा बघून करू नये. पुणे आणि नाशिकच्या मधोमध आळेफाटा येतो, पण तो चौफुला आहे, दोन बायकांना तीन तास शांत बसता येईल अशी ती जागा नाही. त्यापेक्षा पुण्याच्या मैत्रिणीने थोडं जास्त अंतर कापून संगमनेरला यावं; स्टँड गावात आहे आणि नाशिकहून सत्तर किलोमीटर. नारायणगाव पुण्यापासून पंचाहत्तर किलोमीटर, तिथली मिसळ चांगली, मात्र तिथेही आता बाह्यवळण झालंय, तेव्हा विनाथांबा गाडी गावात जाते का ते विचारूनच बसा. आणि पुण्याहून नाशिककडची गाडी पकडायला जुन्या शिवाजीनगर स्थानकावर जाऊ नका. ते स्थानक २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला हललं, तरी रिक्षावाल्याला नुसतं "शिवाजीनगर स्टँड" म्हटलं तर तो भलतीकडेही सोडू शकतो.

पुणे आणि छत्रपती संभाजीनगरसाठी अहिल्यानगर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी अजूनही नगर, दोन्हीकडून जवळजवळ सारख्या अंतरावर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली ती याच पुणे-नगर रस्त्यावर. इथला घोळ वेगळा आहे. नगरला स्टँड एक नाही. स्वस्तिक चौकातलं पुणे स्थानक, माळीवाडा आणि तारकपूर अशी तीन आहेत, आणि कुठली गाडी कुठे थांबते हे मार्गावर अवलंबून. पुण्याची एकीकडे उतरते, संभाजीनगरची दुसरीकडे. आधी ठरवून दोघींनी माळीवाड्याला यायचं, हा साधा उपाय. फोनची बॅटरी संपलेली असली की हे ठरवून ठेवल्याची किंमत कळते.

सीमेपलीकडे मैत्रीण असेल तर गणित बदलतं. महाराष्ट्राची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूर-बेळगाव गाडीत कागलच्या पुढे सीमा लागली की तिथून बेळगावपर्यंत पूर्ण भाडं. सावंतवाडीहून पणजीला जाताना बांद्यापर्यंत अर्धं, पुढे पूर्ण. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली तिथल्या रहिवासी महिलांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी गाड्यांत मोफत प्रवास आहे, ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि ती आंतरराज्य गाडीत चालत नाही. म्हणजे बेळगावची मैत्रीण कोल्हापूरच्या गाडीत बसली तर तिला निदान सीमेपर्यंत पूर्ण पैसे पडतात, पण बेळगाव-निपाणी गाडीत बसली तर एक पैसा नाही. कोल्हापूरची मैत्रीण कागलपर्यंत अर्ध्यात आणि पुढचं थोडं अंतर पूर्ण भाड्याने निपाणीला येते, चाळीसेक किलोमीटर. सीमाभागातल्या मैत्रिणींना भेटायचं गाव निपाणी, हे दोन सरकारांच्या नियमांनी ठरवून टाकलं आहे. बेळगावहून तिचं अंतर जास्त, पण खर्च शून्य. कोल्हापूरचं अंतर कमी, खर्च थोडका.

गाडी कुठली घ्यावी, यावर मतं वेगळी आहेत. आमचं असं: जाताना लालपरी, येताना जमल्यास शिवशाही किंवा शिवाई. लालपरीच्या खिडक्या खडखडतात, वारा तोंडावर येतो, गाडीत कुणाला काही ऐकू जात नाही. डोळे पुसले तरी शेजारणीला वाटतं धूळ गेली असेल. शिवाई विजेवर चालते, तिला इंजिनाचा आवाजच नाही, त्यामुळे फोनवर हळू आवाजात केलेलं "अगं तो असं म्हणाला" हे मागच्या तीन रांगांना व्यवस्थित पोचतं. दोघी एकत्र प्रवास करत असाल आणि बोलायचं असेल तर शिवाई टाळा. नुसतं झोपायचं असेल तर तिच्यासारखी गाडी नाही. निमआराम हिरकणी मधली निवड, पण आता बऱ्याच मार्गांवर ती कमीच दिसते.

हिरकणीवरून आठवलं. गाडीचं नाव वेगळं आणि स्टँडवरचा हिरकणी कक्ष वेगळा. हा कक्ष बाळाला पाजण्यासाठी असतो आणि मोठ्या स्टँडांवर बहुतेक ठिकाणी आहे. तिघींतल्या एकीच्या कडेवर तान्हं मूल असेल तर भेटीचं ठिकाण ठरवताना तो कक्ष उघडा असतो का, हे नियंत्रकाच्या खिडकीवर विचारून घ्या. पाटी असते, कुलूपही असतं, आणि किल्ली कुणाकडे हे शोधायला दहा मिनिटं जातात. लेकुरवाळी मैत्रीण बहुधा याच कारणाने "तुम्ही दोघी भेटा, मी नंतर येते" म्हणते आणि हळूहळू ग्रुपमधून बाजूला पडते. जिचं लग्न मोडलंय तिला वाटतं, हिचा संसार सुखाचा, हिला माझ्याकडे कशाला बघायचंय. हिला वाटतं, मूल घेऊन तिच्यासमोर जायचं कसं. एक किल्ली मिळाली तर निदान या दोघी एका बाकावर येतात.

महिन्यातून कुठला वार, हा दुसरा पेच. नोकरीवालीला रविवारच मोकळा, घरी असणारीला रविवारच नको, कारण त्या दिवशी घरात सगळे असतात आणि पाहुणेही. गृहिणीची खरी सुट्टी मंगळवार-बुधवार, सकाळी डबे गेल्यापासून मुलं शाळेतून येईपर्यंत. एसटीच्या दृष्टीनेही हेच दिवस उत्तम. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळच्या गाडीत आरक्षण न करता खिडकी मिळते. शुक्रवारी संध्याकाळी, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी पहाटे उभं राहून जायची तयारी ठेवा. दिवाळी, गणपती आणि मे महिन्याची लग्नसराई या काळात आरक्षणाशिवाय निघूच नये. म्हणून नोकरीवालीने एक रजा टाकावी. मैत्रिणीच्या लग्नाला तीन रजा टाकतो, ते मोडल्यावर एक टाकायला काय हरकत आहे?

आरक्षण महामंडळाच्या संकेतस्थळावर, मोबाइल ॲपवर किंवा खिडकीवर होतं, आणि सवलत तिन्ही ठिकाणी लागू आहे. जाण्याचं आरक्षण करा, परतीचं करू नका. परतीचं आरक्षण असलं की नजर घड्याळाकडे जाते, आणि समोरच्या बाईला ती नजर दिसते. त्याऐवजी गेल्या गेल्या स्टँडवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा आणि शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा चौकशी खिडकीवर तोंडी खात्री करून घ्या. फलक रंगवल्याला कधी कधी वर्षं झालेली असतात. शेवटच्या गाडीचा भरवसा धरू नका. ती रद्द झाली तर मागे काही नसतं. शेवटून दुसरी हीच आपली शेवटची. या सेवेत सगळ्यात मोठी उणीव हीच. भाडं निम्मं झालं, पण तालुक्याच्या गावाहून संध्याकाळी साडेसहानंतर गाडी मिळणं काही सोपं झालं नाही. महामंडळाने भेटीचे पैसे वाचवले, भेटीचा वेळ वाढवला नाही.

सुरक्षिततेबद्दल कडक शब्दांत लिहायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटे एका तरुणीला दुसरी गाडी असल्याचं सांगून उभ्या शिवशाहीत नेऊन तिच्यावर बलात्कार झाला. त्यानंतर स्थानकांच्या सुरक्षेची तपासणी झाली, दिवे-कॅमेऱ्यांची चर्चा झाली. प्रवाशाने पाळायचं ते असं: फलाटावर न लागलेल्या, आत चालक-वाहक नसलेल्या गाडीत कुणीही सांगितलं तरी चढायचं नाही. गणवेश आणि बिल्ला बघायचा. शंका आली तर चौकशी खिडकी, आणि खिडकीवर कुणी नसेल तर कुटुंबवत्सल बायांचा घोळका बघून त्यांच्याजवळ उभं राहायचं. पहाटे पाचच्या गाडीऐवजी सहाची घ्या. मैत्रिणीला गाडीचा क्रमांक पाठवा, आणि ती प्रवासात असेल तर ती पोचल्याचा मेसेज येईपर्यंत झोपू नका. रात्री फोन आला म्हणून तडक रातराणी पकडू नये. रात्रभर फोन चालू ठेवावा, सकाळची पहिली उजेडातली गाडी धरावी.

आणि हे सांगायलाच हवं की एसटी पोचवते, त्यापलीकडचं काम तिचं नाही. मैत्रीण "जगून काय करू" असं बोलू लागली असेल तर सकाळच्या गाडीची वाट बघत बसू नका. तिच्या घरातल्या एका तरी माणसाला लगेच फोन करून तिच्याजवळ बसायला सांगा. इथे गुपिताचा विचार करायचा नाही. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिने स्वतः फोन केला नाही तर शेजारी बसून तुम्ही लावून द्या.

स्वच्छतागृहांबद्दल थोडक्यात. मोठ्या स्टँडांवर आहेत, पाण्याची खात्री नाही. पाच-दहाची नाणी जवळ ठेवा. आतून कडी नसेल तर पर्स अडकवायला आणि दार धरायला मैत्रीण लागते, आणि येताना-जाताना तर एकटीच असता. लांबच्या गाड्या ज्या ढाब्यावर थांबतात तिथलं बहुधा बरं असतं, तिथे आळस करू नका.

सुट्ट्या पैशांचं शेवटी. अर्ध्या तिकिटामुळे रकमा ९६, १०६ अशा विचित्र येतात आणि सकाळच्या पहिल्या गाडीत कंडक्टरकडे सुट्टे नसतातच. मशीनवर क्यूआर दाखवून यूपीआयने पैसे घेतात, पण ते स्टँड सुटायच्या आत उरकून घ्या. घाटात रेंज गेली की चक्र फिरत राहतं आणि सगळी गाडी तुमच्याकडे बघते. रोखीने दिले आणि सुट्टे नसले तर कंडक्टर तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून देतो आणि "उतरताना घ्या" म्हणतो. ते तिकीट पर्सच्या तळाशी टाकू नका, हातात ठेवा. साताऱ्याला उतरताना समोर मैत्रीण उभी दिसते, आणि ते चार रुपये हमखास गाडीतच राहतात.